स्काउटच्या गणवेशावर किल्ट: परवानगीपासून निऱ्यांच्या इस्त्रीपर्यंत

दर ऑक्टोबरमध्ये मला कुणा ना कुणा मराठी आईचा फोन येतो. "ताई, नोव्हेंबरच्या परेडला आमचा धाकटा किल्ट घालायचा म्हणतोय. स्काउटच्या गणवेशावर चालतो का? आणि मुळात आपण घातलेला चालतो का?" किल्ट म्हणजे स्कॉटलंडचा पारंपरिक पोशाख, मागे निऱ्या असलेला, गुडघ्यापर्यंतचा. माझ्या मुलाच्या वेळी मलाही हेच दोन प्रश्न पडले होते. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला येऊन तेव्हा आम्हाला दोनच वर्षं झाली होती. आता मुलगा मोठा झाला, मी मात्र त्याच गटात मदतनीस म्हणून राहिले. परेडच्या सकाळी हॉलच्या दाराशी उभं राहून मुलांचे किल्ट सारखे करून देण्याचं काम आता माझ्याकडेच असतं.

स्कॉटलंडमधल्या स्काउट गटांत गणवेशाच्या पँटऐवजी किल्ट चालतो. वरचा शर्ट, गळ्यातला स्कार्फ, बाहीवरचे बॅज तसेच राहतात, फक्त खालचा कपडा बदलतो. आणि आपण घातलेला? चालतो, आणि मनात संकोच न ठेवता घालावा. पगडीबरोबर किल्ट घालणारी शीख मुलं इथे कितीतरी दिसतात. टार्टन म्हणजे किल्टच्या कापडाचा रंगीत चौकड्यांचा ठरावीक नमुना. 'सिंग' नावाचा टार्टनही नोंदलेला आहे. किल्ट नीट घातला असेल तर इथली म्हातारी माणसं थांबून कौतुक करतात, असाच माझा अनुभव आहे. त्यांना खटकतो तो अर्धवट घातलेला किल्ट.

कारण या कपड्यामागे इतिहास आहे. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेलं जॅकोबाइट बंड मोडून काढल्यावर 1746 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा, पोशाख बंद केला. कायद्याच्या शब्दांत पुरुषांबरोबर मुलगेही होते. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षं सातासमुद्रापार हद्दपारी. सवलत होती ती फक्त राजाच्या सैन्यात असणाऱ्यांना. 1782 मध्ये कायदा मागे घेतला गेला, पण तोवरची सगळी वर्षं किल्ट उजळ माथ्याने घातला तो पलटणीतल्या शिपायांनी, म्हणजे गणवेश म्हणूनच. त्यामुळे किल्ट आणि गणवेशाची शिस्त एकमेकांच्या विरोधात आहेत असं मला कधी वाटलं नाही. लग्नातला किल्ट आणि गणवेशातला किल्ट यांत मात्र फरक आहे. बहुतेक चुका तिथेच होतात.

आधी विचारा, मग दुकानात जा

आम्ही उलटं केलं होतं. हौसेने लाल रंगाचा किल्ट आणला आणि मग कळलं, गटातली सगळी मुलं एकाच हिरव्या-निळ्या टार्टनमध्ये उभी राहतात. मुलाने तो पहिल्या परेडला घातलाच नाही. दोष कुणाचा नव्हता, आम्ही विचारलंच नव्हतं.

गटाच्या लीडरना सरळ विचारायच्या गोष्टी चार आहेत. गटाचा ठरलेला टार्टन आहे, की ज्याचा त्याने घालावा? किल्ट कोणत्या दिवशी घालायचा: परेड, दीक्षाविधी, सहल, की दर आठवड्याच्या सभेलाही? मोजे आणि बूट कोणत्या रंगाचे? आणि गटाच्या कपाटात उसना देण्यासारखा किल्ट आहे का? चौथा प्रश्न विचारायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. वाटू देऊ नका. मुलं भराभर वाढतात, त्यामुळे बऱ्याच गटांकडे लहान झालेले किल्ट साठलेले असतात आणि ते कुणीतरी वापरावेत असंच सगळ्यांना वाटत असतं.

बीव्हर आणि कब, म्हणजे स्काउटच्या आधीच्या धाकट्या गटांतल्या मुलांचा वरचा कपडा स्वेटशर्ट असतो. तो किल्टच्या कमरेवरून खाली येतो आणि पट्टा, बकला झाकल्या जातात. त्या वयात महागाचा किल्ट घेण्यात अर्थ नाही. स्काउट वयात, म्हणजे साडेदहाच्या पुढे, शर्ट आत खोचायचा असतो. तेव्हा कंबर दिसते आणि किल्टचा बसाव महत्त्वाचा होतो.

कॅडेट गटांत मूल जात असेल तर तिथली रीत वेगळी. तिथे किल्ट हा लष्करी शिस्तीचा भाग असतो. टार्टनपासून मोज्यांपर्यंत सगळं वरून ठरतं, आणि घालायचा की नाही हे आदेशावर असतं. स्वतःहून काही विकत घेऊ नका. बॉइज ब्रिगेड या मुलांच्या गणवेशधारी संघटनेची सुरुवात 1883 साली ग्लासगोतच झाली. तिच्या पाइप बँडमध्ये किल्ट दिसतो, पण तिथेही बँडचा पोशाख बँड ठरवतो. आणि स्कॉटलंडबाहेर असाल तर काहीच गृहीत धरू नका. अमेरिकेतल्या स्काउट संघटनेच्या अधिकृत गणवेशात किल्ट नाही. तिथल्या मराठी घरांनी स्थानिक लीडरशी बोलल्याशिवाय मुलाला किल्टमध्ये पाठवू नये.

टार्टन निवडताना

"आमचं कुळ कुठलं सांगायचं?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी ऐकू येतो. कुळाच्या नावाचा टार्टन त्या आडनावाच्या माणसाने घालावा हा रिवाज आहे, कायदा नाही. बॅल्मोरल टार्टन राजघराण्यापुरता राखलेला आहे, तो सोडून द्या. ज्यांना कुळ नाही त्यांच्यासाठी वाटा मोकळ्या आहेत. ब्लॅक वॉच हा गडद हिरवा-निळा टार्टन कुणीही घालतं, आणि स्काउटच्या निळसर शर्टाखाली तो फार छान दिसतो. त्याहून मला आवडते ती गावाच्या टार्टनची वाट. एडिंबरा, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, फाइफ, सगळ्यांचे आपापले टार्टन आहेत. ज्या गावात आपण राहतो, जिथल्या शाळेत मूल जातं, त्या गावाचा टार्टन घालायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या मुलाचा दुसरा किल्ट अ‍ॅबर्डीनचाच होता. कुणी विचारलं की तो सांगायचा, "मी इथला आहे म्हणून." नमुने पाहायचे असतील तर 2009 पासून टार्टनची सरकारी नोंदवही आहे, त्यात नावाने शोधता येतं.

स्काउट जगाशी नातं सांगणारा आणखी एक टार्टन म्हणजे मॅक्लारेन. 1919 साली लंडनजवळची गिलवेल पार्क या स्काउट प्रशिक्षण केंद्राची जागा ज्यांच्या देणगीतून घेतली गेली, ते विल्यम द ब्वा मॅक्लारेन हे स्कॉटलंडमधले स्काउट कमिशनर. त्यांची आठवण म्हणून वुड बॅज हा लीडरच्या प्रशिक्षणाचा बॅज मिळवलेल्या लीडरच्या स्कार्फवर, पाठीमागच्या टोकाला, मॅक्लारेन टार्टनचा चौकोनी तुकडा शिवलेला असतो. आपल्याकडच्या एखाद्या स्काउट मास्तरांच्या पाठीवरही तो तुम्ही पाहिला असेल. काही लीडर त्याच टार्टनचा किल्ट घालतात. मुलांसाठी त्याचा आग्रह धरू नये असं मला वाटतं. तो स्कार्फ मेहनतीने मिळवायचा असतो, त्याची ओढ तशीच राहू द्यावी.

माप: बेंबीपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत

मोठ्या माणसाच्या पूर्ण किल्टला आठ वार कापड लागतं, आपल्या नऊवारीपेक्षा एकच वार कमी. खरं तर दुप्पट पन्ह्याचं चार वार कापड आणून ते मधोमध लांबीत फाडतात आणि जोडतात. तो जोड एखाद्या निरीच्या आत लपवलेला असतो. मुलांच्या किल्टला कापड बरंच कमी लागतं. हाताने शिवलेला लोकरी आठवारी किल्ट कित्येकशे पौंडांना पडतो. वाढत्या मुलासाठी तो घेऊ नका. वापरलेला लोकरी किल्ट मिळाला तर सगळ्यांत उत्तम. नाही तर पॉलिव्हिस्कोस या कृत्रिम धाग्याचा चालेल, पण शेकोटीबद्दल पुढे लिहिलं आहे ते नक्की वाचा.

जीन्सच्या कमरेचं माप इथे कामाचं नाही. किल्टची कंबर बेंबीच्या रेषेत बसते. पातळ शर्टावरून टेप लावा आणि टेपच्या आत एक बोट सरकेल इतपत सैल ठेवा. दुसरं माप नितंबांच्या सगळ्यांत रुंद भागाचं. तिसरं लांबीचं, बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत. हे तिसरं माप घेताना मुलाने समोर भिंतीकडे पाहायला हवं. त्याने वाकून टेपकडे पाहिलं की माप इंच-दीड इंच चुकतं. मी भिंतीवर कागदाचा तुकडा चिकटवते आणि "त्यावरची अक्षरं वाच" म्हणते.

किल्ट अंगावर चढला की मुलाला दोन्ही गुडघ्यांवर ताठ बसवा. किल्टची कड जमिनीला टेकता टेकता राहिली, फार तर इंचभर वर राहिली, तर लांबी बरोबर. ढीग होऊन जमिनीवर पडली तर किल्ट लांब आहे.

"वाढत्या अंगाचा घेऊ" हा आपला नेहमीचा हिशेब इथे थोडाच चालतो. साध्या स्कर्टसारखा किल्टचा काठ दुमडलेला नसतो. खाली कापडाची मूळ किनार असते, त्यामुळे सोडायला काही उरत नाही. कमरेच्या बकला मात्र सरकवता येतात. म्हणून रुंदीत थोडी वाढ धरा. लांबी मात्र गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपलीकडे जाऊ देऊ नका. मूल वाढेल तशी तीच कड वाटीच्या मध्यावर येते, मग वरच्या कडेवर. तिच्याही वर गेली की किल्ट पुढच्या मुलाकडे.

सोबतचं सामान

लग्नाच्या पोशाखातले पांढरे मोजे, चांदीचं नक्षीकाम केलेला फरचा स्पॉरन, घोट्यावर गुंडाळायच्या लांब नाड्यांचे बूट, हे सगळं घरी ठेवा. गणवेशाला जाड विणीचे गडद मोजे, निळे, हिरवे किंवा करडे. शाळेचे साधे काळे बूट, पॉलिश केलेले. लांब नाड्यांच्या बुटांत लहान मुलं अडखळून पडतात, हे मी दोनदा पाहिलं आहे.

स्पॉरन म्हणजे पुढे लटकणारी पिशवी. किल्टला खिसे नसतात, म्हणून ती लागते. साधी चामड्याची घ्या. ती कमरेच्या पट्ट्याखाली तीन-चार बोटं असावी. त्याहून खाली आली तर चालताना मांड्यांवर आपटते. दम्याचा पंप, बसचा पास, रुमाल, एवढं तिच्यात मावतं. खेळताना किंवा ढोल वाजवताना ती सरकवून कमरेच्या बाजूला नेतात.

किल्टची पिन फक्त वरच्या पदरात लावायची. उजव्या कोपऱ्यात, खालच्या कडेपासून साधारण चार बोटं वर. दोन्ही पदर एकत्र टाचू नका. मूल बसलं की दोन पदर वेगवेगळे ताणले जातात आणि कापड फाटतं. पिनचं काम वजनाचं, वाऱ्यात पदर खाली राहावा म्हणून.

मोज्यात खोचायचा छोटा सुरा, स्कीन डू, याबद्दल माझं मत ठाम आहे. स्कॉटलंडच्या 1995 च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगलेल्या पात्याला सवलत आहे, हे खरं. पण ती सवलत एखाद्या बारा वर्षांच्या मुलाने परेडनंतर बसमध्ये, दुकानात, मित्रांच्या घोळक्यात समजावून सांगायची नसते. मुलांच्या मोज्यात खरं पातं नको. हौस असेल तर नुसती मूठ असलेला, बिनपात्याचा प्लास्टिकचा मिळतो, आणि तोही लीडरना विचारूनच.

आता किल्टच्या आत काय, या विषयावर. मुलांनी आत गडद रंगाची, अंगाबरोबर बसणारी अर्धी पँट घालायचीच, मुलगा असो वा मुलगी. त्यावर चर्चा नको. झेंड्यापाशी गुडघा टेकताना, मिनिबसमधून उतरताना, वाऱ्याच्या कोपऱ्यावर वळताना मुलाला निर्धास्त वाटलं पाहिजे. या विषयावर मोठ्या माणसांनी मुलांची गंमत करू नये, आणि कुणी केली तर तिथल्या तिथे थांबवावं. एका परेडला एका मुलाने अशाच एका बोलण्यानंतर किल्ट पुन्हा घातला नाही. बोलणारा पाहुणा काही मिनिटांत विसरला असेल, मुलगा नाही विसरला.

घालण्याचा क्रम

आधी मोजे आणि बूट. किल्ट चढवल्यावर वाकणं जड जातं, कंबर वर असते. मोजे वर ओढा, मोजे घसरू नयेत म्हणून लावायचं रिबिनीचं इलॅस्टिक नडगीवर चढवा आणि मोज्याचा वरचा भाग त्यावर दुमडा. दुमडलेली कड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटं असावी. रिबिनीची टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला, इंचभरच दिसावीत. मग आतली पँट आणि शर्ट.

आता किल्ट मुलाच्या पाठीमागून धरा. निऱ्या मागे, पुढचा भाग सपाट. नऊवारी नेसणाऱ्या आजीला निऱ्या पुढे घ्यायची सवय असते. माझ्या सासूबाई पहिल्यांदा मदतीला आल्या तेव्हा त्यांनी त्या सवयीने पुढेच घेतल्या होत्या. मुलाच्या उजव्या हाताकडचा पदर आधी पोटावरून डाव्या कुशीकडे न्या. त्याच्या टोकाला पट्टी असते आणि डाव्या कुशीवर कमरेत एक चीर असते. पट्टी त्या चिरेतून बाहेर काढून बकलेत अडकवा. मग डाव्या हाताकडचा पदर वरून उजव्या कुशीकडे आणा आणि तिथल्या बकला लावा. झालर असलेली कड उजव्या बाजूला आली म्हणजे बरोबर.

एक पाऊल मागे सरून पाहा. पुढच्या पदराची मधली रेघ नाक, बेंबी आणि शर्टाच्या गुंड्या यांच्या सरळ रेषेत हवी. ती कलली असेल तर आतली बकल घट्ट झाली आहे. मागे स्पॉरनचा पट्टा दोन घरांतून ओवा, स्पॉरन मध्यावर आणा, पिन लावा. स्कार्फ सगळ्यांत शेवटी.

मुलाला एकच गोष्ट शिकवा: बसताना दोन्ही तळवे पाठीमागून खाली फिरवत निऱ्या सपाट करायच्या आणि मग टेकायचं. चार-पाच वेळा घरी खुर्चीवर सराव करून घ्या. नाही तर पहिल्याच चर्चमधल्या बाकावर अर्ध्या निऱ्या चुरगळतात.

परेड, आणि मग कॅम्प

नोव्हेंबरची परेड असते ती रिमेंब्रन्स संडेची, युद्धांत मरण पावलेल्यांच्या स्मरणाची. तो नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी येतो. तेव्हा अ‍ॅबर्डीनला समुद्रावरून येणारा वारा बोचरा असतो. लोकरीच्या निऱ्यांत कंबर आणि मांड्या उबदार राहतात, गुडघे मात्र गारठतात. घरून निघताना वरून सैल ट्रॅकपँट घालून न्या आणि रांग लागण्याच्या दहा मिनिटं आधी काढा. मी लहानपणी साताऱ्यात शाळेच्या आरएसपीत (रोड सेफ्टी पेट्रोलमध्ये) होते. बकलेला ब्रासो लावून तपासणीला उभं राहायची ती धडधड मला अजून आठवते. म्हणून या दहा मिनिटांत मी मुलांना घाई करत नाही. एकेकाची रेघ, मोजे, पिन पाहते आणि "छान दिसतोस" म्हणते.

कॅम्पला किल्ट न्यायचा असेल तर तो समारंभापुरता. पर्थशरमध्ये ब्लेअर कॅसलच्या जमिनीवर दर दोन वर्षांनी होणाऱ्या जॅम्बोरेट या आंतरराष्ट्रीय स्काउट मेळाव्याला स्कॉटिश स्काउट किल्ट घालून फिरतात आणि परदेशी मुलांना त्याचं फार अप्रूप वाटतं. पण उन्हाळ्यातल्या हायलँडमध्ये मिज नावाची बारीक चावरी चिलटं असतात, आणि ब्रॅकनच्या झुडपांत गोचिड्या. उघडे गुडघे त्यांच्यासाठी मोकळं रान. गोचिडीमुळे लाइम आजार होऊ शकतो, म्हणून झाडीत जाताना लांब पँट आणि पायमोजे. संध्याकाळी गुडघ्यामागची लवण तपासायची, मूल कंटाळलं तरी.

आणि शेकोटी. लोकर सहसा पेट घेत नाही, करपते आणि विझते. पॉलिव्हिस्कोस किंवा अ‍ॅक्रिलिक ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटू शकतं. अशा कापडाचा किल्ट घालून कुणालाही स्टोव्हजवळ स्वयंपाकाला उभं करू नका.

निगा

लोकरी किल्ट मशीनमध्ये धुवायचा नाही. चिखल लागला तर वाळू द्या आणि मऊ ब्रशने झाडा. बहुतेक डाग गार पाण्याने टिपून निघतात, नाही तर ड्रायक्लीनला द्या. भिजला तर कमरेच्या पट्ट्याला दोन चिमटे लावून सावलीत टांगा. हीटरवर टाकू नका, आकसतो.

निऱ्या विस्कटल्या की माझ्या जेवणाच्या टेबलावर अर्धा तास जातो. किल्ट उलगडून पालथा घालते, प्रत्येक निरी टार्टनच्या रेघेवर रेघ जुळवून बसवते, आणि पांढऱ्या दोऱ्याने खालच्या कडेजवळ आडवा धावदोरा घालते. वीतभर वर आणखी एक ओळ. मग पंचा ओला करून पिळायचा, निऱ्यांवर पसरायचा आणि इस्त्री ठेवायची. इस्त्री घासायची नाही, नुसती दाबून उचलायची. वाफ उठते, ओल्या लोकरीचा वास घरभर पसरतो. पूर्ण गार झाल्यावरच टाके उसवायचे. गरम असताना उसवले तर निऱ्या पुन्हा फुगतात.

प्रवासाला न्यायचा तर घडी घालू नका. निऱ्या लांबीत सारख्या करून किल्ट कमरेच्या पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळा आणि जुन्या लांब पायमोज्याचा, बायका घालतात तसल्या, एक पाय कापून त्यात सरकवा. पाइप बँडवाले असंच नेतात. बॅगेत कसाही पडला तरी निऱ्या हलत नाहीत.

उन्हाळ्यात ठेवून देताना कसर लागणार नाही याची काळजी घ्या: आधी स्वच्छ, मग कोरडा, मग सुती पिशवीत. कमरेच्या आतल्या अस्तरावर नावाची पट्टी चार टोकांना टाके घालून शिवा, चिकटवू नका. पुढच्या मुलाकडे जाताना ती उसवून दुसरी लावायची असते.